शेपटीला पिवळी लोकर

"बाबा, तुमच्या टोपलीतला पिवळा गुंडा नेतेय हं!" एवढं ओरडून सूनबाई स्कूटरवरून पसार झाली. सासरे न्हाणीघरात दाढी करत होते. "अगं, त्याला स्वेटर जोडलेला आहे!" हे त्यांचं उत्तर नळाच्या आवाजात वाहून गेलं.

सूनबाई विमान-संशोधन केंद्रात इंजिनियर होती. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडायला बांधलेलं त्यांचं विमान धावपट्टीवरच थंडी वाजल्यासारखं थरथरायचं. शेपटीवर लोकरीचे तुकडे चिकटवून वारा कुठे बिनसतो ते बघायचं होतं, आणि केंद्रातली लोकर नेमकी संपलेली. आज कारण सापडलं नाही, तर विमान कायमचं शेडमध्ये जाणार होतं.

केंद्रात पोचून तिने पिशवीत हात घातला. हाताला फक्त धाग्याचं टोक लागलं. बाकीचा गुंडा रस्ताभर उलगडला होता.

तेवढ्यात गेटवरून फोन आला. "मॅडम, एक आजोबा आलेत. एका गालाला साबण आहे. धागा गुंडाळत गुंडाळत थेट इथवर आले."

ती धावत गेली. गुंडा चिखलाने माखलेला, आणि सासऱ्यांच्या काखेत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विणायला घेतलेला स्वेटर, अर्धामुर्धा.

"बाबा... बाही तरी द्या. स्वेटरची लोकर तेवढी स्वच्छ आहे."

"बाही? तीनदा चुकून चौथ्यांदा जमलीय ती!"

पण सुनेचा रडवेला चेहरा त्यांना बघवेना. "काढ," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

विमान धावपट्टीवरून सुसाट गेलं. शेपटीवरच्या कॅमेऱ्यात सगळे धागे शहाण्यासारखे मागे लोळत होते. एका झाकणाच्या कडेपाशी मात्र तीन धागे उलटे नाचत होते.

"सापडलं!" सूनबाई किंचाळली.

झाकणाची कड घासून सपाट केली. दुसऱ्या फेरीला विमान असं धावलं, की वैमानिक उतरल्यावर म्हणाला, "इंजिन चालू होतं ना, अशी शंका आली मला!"

सगळे हसले. मग मुख्य इंजिनियर घसा खाकरत सासऱ्यांजवळ आले. "काका, आता पंखही तपासून घ्यावेत म्हणतो..."

सासऱ्यांनी स्वेटर छातीशी धरला. "पंखांना पाठ उसवावी लागेल."

सासरे विमानाकडे बघत राहिले.

"उडेल ना पण नक्की?"

"उडेल, बाबा."

"मग कात्री आण," म्हणत त्यांनी स्वतःच गाठ सोडायला घेतली. "आणि गळ्याचीही लोकर लागली तर लाजू नका."