व्हर्नन स्टकीची कोंबडी

दार उघडायचं, खाऊ द्यायचा, दार लावायचं. एवढ्यासाठी घरात बायकोच कशाला हवी, असं व्हर्नन स्टकी म्हणाला आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले.

ओहायोतल्या त्या छोट्या गावात हॅलोवीनची, म्हणजे पोरं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागतात ती संध्याकाळ दरवर्षी त्याची बायको लोर्ना सांभाळायची. पण यंदा दुसऱ्याच दिवशी तिच्या भाचीचं लग्न होतं आणि फुलं बांधायला तिला बहिणीकडे जायचं होतं. "सहा ते आठ. एका पोराला दोन चॉकलेटं. तू एकही खायचं नाहीस," असं बजावून ती गेली.

घरात उरले व्हर्नन आणि त्याच्या सासूबाई, ओटिलीबाई. वय अठ्ठ्याऐंशी, तब्येत ठणठणीत, फक्त कानांनी दगा दिलेला. कानाचं नवं मशीन दोन महिने वाट पाहून परवाच हातात पडलं होतं. "तीन नातवंडांची लग्नं झाली, मला नुसती हलणारी तोंडं दिसली," त्या सगळ्यांना सांगत. "हे चौथं मी ऐकणार."

सहाला बंबखान्याचा भोंगा झाला आणि पोरं सुटली. चेटकिणी, सांगाडे, एक चालता-बोलता भोपळा. बेल वाजायची, "ट्रिक ऑर ट्रीट" असा गलका व्हायचा, व्हर्नन टोपली पुढे करायचा. काम खरंच सोपं होतं. इतकं सोपं, की मधल्या वेळात हात रिकामे राहायचे (आणि रिकामा हात टोपलीतच जातो, त्याला व्हर्नन तरी काय करणार). सव्वासातला टोपलीचा तळ दिसायला लागला.

तेवढ्यात पुन्हा बेल. दारात पिवळी चोच लावलेली, अंगभर पिसं चिकटवलेली एक चिमुरडी पिशवी उघडून उभी. टोपलीत एकच गोळी, तीही चिकट. व्हर्ननने इकडेतिकडे पाहिलं. सासूबाईंच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर लाल चकचकीत कागदातलं एक चॉकलेट होतं. त्याने ते उचलून पिशवीत टाकलं आणि दार लावलं. वेळ निभावल्याचा त्याला अभिमानही वाटला.

दहा मिनिटांनी ओटिलीबाईंनी स्टूल चाचपलं.

"माझं मशीन कुठंय?"

"कानात असेल, आई."

"काय?"

"कानात म्हटलं, कानात."

"कानात असतं तर 'काय' म्हटलं असतं का मी? त्या मेल्या बेलने डोकं उठलं म्हणून काढलं. हरवू नये म्हणून चॉकलेटच्या कागदात गुंडाळून इथं ठेवलं होतं."

व्हर्ननच्या पायाखालची जमीन सरकली. उद्या सकाळी अकराला लग्न. आणि ते राहिलं बाजूला, पोरीने चॉकलेट समजून तोंडात टाकलं तर? आतली ती बटणाएवढी बॅटरी गिळली तर? पायात सपाता, अंगात लोर्नाचा फुलाफुलांचा एप्रन, तसाच तो रस्त्यावर पळाला.

"एक कोंबडी पाहिलीत का?" शेजारच्या पिकरेलबाईंना त्याने धापा टाकत विचारलं.

"पाळलेली?"

"नाही हो. चालत गेली. पिशवी घेऊन."

पिकरेलबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, हातावर दोन टॉफ्या ठेवल्या आणि हळूच विचारलं, "लोर्ना घरी आहे ना रे?"

पुढच्या घरी कोंबडी आली नव्हती, पण नुकतंच एक बदक गेलं होतं. त्याने धावत जाऊन बदक गाठलं, तर आत एक मिशीवाला बाप निघाला. कुणालाच कोंबडी दिसली नव्हती. मात्र दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही ही गावाची रीत, त्यामुळे आठ वाजेपर्यंत एप्रनचे दोन्ही खिसे भरून वाहत होते आणि व्हर्नन रडकुंडीला आला होता.

आठचा भोंगा झाल्यावर सारं गाव बंबखान्यात सफरचंदाचं गरम सायडर प्यायला आणि डोनट खायला जमतं. तिथं एका टेबलावर एक बाई पिशवी उलटी करून एकेक चॉकलेट उजेडात धरून तपासत होती. शेजारी ती पिवळी चोच.

"हीच ती कोंबडी," व्हर्नन ओरडला.

"मी गरुड आहे," पोरगी थंडपणे म्हणाली.

"हे तुमचं का?" आईने लाल पुडी पुढे केली. पुडीतून चालू राहिलेल्या मशीनची बारीक शिट्टी वाजत होती. "मी तपासल्याशिवाय हिला एक गोळी तोंडात घालू देत नाही. पण शिट्टी मारणारं चॉकलेट आज पहिल्यांदाच पाहिलं."

व्हर्नन मटकन बाकावर बसला. मशीन धड होतं, पोरगी धड होती, उद्याचं लग्न धड होतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने दोन्ही खिसे गरुडाच्या पिशवीत रिकामे केले.

इतक्यात बंबखान्याच्या प्रमुखाने माइक हातात घेतला. "सोंगांची बक्षिसं. मोठ्यांमध्ये तिसरा नंबर, व्हर्नन स्टकी. घरातून पळालेला म्हातारा."

टाळ्या पडल्या. व्हर्नन पुढे गेला आणि कुजबुजला, "अहो, मी सोंग घेतलेलंच नाही."

"लाजू नका," प्रमुख त्याच्या गळ्यात फीत अडकवत म्हणाला. "सुरकुत्या तर परीक्षकांना फारच आवडल्या. पहिलाच नंबर देणार होते, पण पोटाला उशी जरा जास्त बांधलीत."