फेट्यावरची वेल

कानिफनाथ सुतारानं दमडी मशिदीसमोर डोक्यावरचा कोरा फेटा सोडला आणि त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, त्याचा हात धरला.

"अवं, काय करताय ह्ये? आयनं दिवाळीला दिल्याला फेटा हाय त्यो!"

"मग दगडावर काय तुजं लुगडं लावू?"

कानिफनाथाचं डोकं भट्टीसारखं होतं, फुंकर मारली की पेटायचं. त्यात गावात तो मोठ्या तोंडानं बोलून बसला होता. भैरोबाच्या देवळाची नवी चौकट करायची होती. पंच पारनेरच्या सुताराकडं निघाले, तेव्हा यानं चावडीवर मांडी थोपटली होती, "नगरच्या दमडी मशिदीवरची वेल लाकडात उतरवतो. न्हाई जमलं तर वाकस हिरीत टाकीन." आता वेल नेली नाही, तर काम पारनेरला जाणार आणि लाकूड तासायचा वाकस विहिरीत.

चपला बाहेर काढून दोघं आत गेली. मशीद एवढीशी, पण दगड असा कोरलेला की कानिफनाथाचा राग जागच्या जागी विझला. कमानीच्या कडेनं एक वेल वर चढत होती. देठ उजवीकडं वळलेला, प्रत्येक वळणाला एक फूल, आणि पाकळीच्या टोकाला इतकी बारीक मुरड की लोण्यातसुद्धा निघू नये.

"गोजरे, ह्यो दगड न्हाई. ह्ये भिजवून मळल्यालं हाय."

त्यानं गोजरबाईला फेट्याचं टोक वेलीवर ताणून धरायला लावलं आणि वरून कोळसा घासला. पांढऱ्या कापडावर काळी वेल हळूहळू उमटायला लागली. लांबी कळावी म्हणून वितीवितीला त्यानं आपल्या खुणा केल्या. कुठं फुली, कुठं गोल, कुठं कावळ्याचा पाय.

तेवढ्यात रस्त्यावरून लष्करी ट्रक धडधडत गेला. गोजरबाईनं बाहेर बघितलं आणि हातातलं फेट्याचं टोक सोडलं. लढाईचे दिवस होते. किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर, आत मोठमोठे पुढारी कोंडलेले, भोवती बंदुका घेतलेले शिपाई.

"अवं, किल्ल्यापाशी नकाशा काढनाऱ्याला जपानचा हेर म्हून धरत्यात म्हनं."

"मी कुटं नकाशा काढतोय?"

"मंग ह्ये काय हाय?"

कानिफनाथानं फेट्याकडं बघितलं. वळत जाणारी काळी रेघ, मध्ये गोल, फुल्या, कावळ्याचे पाय. त्याला स्वतःलाच तो किल्ल्याचा नकाशा दिसायला लागला. फुलीच्या जागी तर नक्की तोफा असणार.

लांबून कुणीतरी ओरडलं. कुणाला ते देव जाणे, पण कानिफनाथानं हातातला कोळसा टाकला. "लपीव! लपीव आदी!"

डोक्याला बांधावा तर नकाशा उघड्यावर. गाडीत टाकावा तर झडतीत सापडणार. गोजरबाईनं खांबाआड जाऊन फेटा पोटाशी गुंडाळला आणि वरून लुगडं आवळलं. बाहेर आली ती सातव्या महिन्याची होऊनच. दोघं बैलगाडीत बसली आणि केडगावच्या वाटेला लागली. येताना गोजरबाईच्या आईकडं, छबूबाईकडं, जेवायचं ठरलेलंच होतं.

माळीवाड्याच्या वेशीत हवालदारानं हात आडवा केला. सायकल भिंतीला टेकवून तो जवळ आला आणि कानिफनाथाकडं टक लावून बघायला लागला. इतक्या भरल्या बाजारात एकटा कानिफनाथच बोडका होता. बोडक्या डोक्यानं गडी भर दुपारी कधी फिरतो? घरात कुणी गेलं तरच.

हवालदाराचा आवाज एकदम मऊ झाला. "कोन गेलं, पाव्हनं?"

बाप म्हणावं, तर म्हातारा घरी खाटेवर जिवंत. आई म्हणावं, तर जीभ रेटेना. जीभच ती, आपोआप सोयीच्या ठिकाणी गेली.

"सासू," तो म्हणाला.

गोजरबाईनं त्याला असा चिमटा काढला की त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"कुटली?"

"केडगावची. छबूबाई."

"आरारारा! आमच्या मावशीच्या आळीतली छबूबाई? कालच तर भाकरी थापताना बघितली!" सूर्यभान हवालदारानं टोपी काढून छातीशी धरली. गोजरबाईच्या पोटाकडं बघून तो आणखी हळहळला. "तुमी दमानं या, बाई अवघडल्यात. मी सायकलवर म्होरं जाऊन मानसं गोळा करतो."

आणि तो गेलासुद्धा.

"आयला मारलीत!" गोजरबाई ओरडली. "माज्या आयला भर येशीत मारलीत!"

"बोंबलू नको! त्यो तिला जित्ती बघंल. मंग म्हनंल, खोटं का बोलला? मंग झडती. मंग फेटा." कानिफनाथाला पुढचं सगळं दिसत होतं, अगदी कोठडीच्या गजांच्या जाडीसकट. त्यानं बैलांना पिटाळलं. गाडी अशी उधळली की गोजरबाईचं पोट उजव्या कुशीवर सरकलं. ती घामानं निथळत होती. पोट सावरता सावरता आईच्या नावानं आणि नवऱ्याच्या नावानं आळीपाळीनं रडत होती.

केडगावात शिरताना कानिफनाथ कान देऊन होता. रडणं ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता एकच आवाज, छबूबाईचा, आणि तो मेलेल्या बाईचा नव्हता.

"माज्या दारात बांबू घिऊन येतोस व्हय रं भाड्या?"

ओट्यावर सूर्यभान मान खाली घालून बसला होता. बाजूला आळीतली चार माणसं, दोन बांबू आणि एक मडकं. गोजरबाई गाडीतून उतरून पोट धरून परसातल्या दारानं आत पळाली. छबूबाई तिच्या मागं गेली. कानिफनाथ मात्र हवालदाराच्या तावडीत सापडला.

"का रं? खोटं का बोललास?"

कानिफनाथ बैलांच्या आड सरकला.

"फेटा कुटाय तुजा?"

तो ओट्याच्या पायरीवर मटकन बसला. कबूल करून टाकावं, म्हणजे निदान मार तरी कमी बसेल, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात आतून धपाधप धोपटण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं छबूबाई बाहेर आली. तिच्या हातात ओलागच्च फेटा होता. सोड्याच्या उकळत्या पाण्यातून निघालेला, बगळ्यासारखा पांढरा.

"ह्यो घे फेटा. जावई गाडीवरनं शेनात पडला. लेकीनं धुवायला आनला."

"ते ठीक हाय. पन सासू मेली म्हून का सांगितलं यानं?"

छबूबाईनं जावयाकडं असं बघितलं की कानिफनाथाला कोठडी बरी वाटली. "कुटल्या जावयाला सासू मेल्याली दिसत न्हाई? तुला दोन सासवा हायेत म्हनं. खरं सांग."

सूर्यभाननं बराच विचार केला. मग टोपी घातली, सायकल घेतली आणि निघून गेला. बांबूवाले मागोमाग गेले.

"जावईबापू," छबूबाई म्हणाली, "मला मारलंत, त्ये माफ. फेटा काळा केलात, त्ये न्हाई."

कानिफनाथ वाचला. पण वेल गेली. घरी परतताना वाटभर तो बैलांवरच खेकसत होता. वाकस विहिरीत टाकायचा कधी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून गोजरबाईची किंकाळी आली. पोलीस आले म्हणून कानिफनाथ कणगीमागं लपला.

"अवं, हिकडं या! ह्ये बघा!"

तिच्या पोटावर वेल होती. घामानं शिक्क्यासारखी उमटलेली, पाकळीन् पाकळी, मुरडीसकट.

"पानी टाकू नको!" कानिफनाथ किंचाळला. "तांब्या ठिव खाली!"

"आन् आंगुळ?"

"फळीवर उतरस्तवर न्हाई."

तीन दिवस दार लावून तो फळीवर खडूनं वेल उतरवत होता.

"हसू नको, पाकळी हालती."

"मंग वितीनं मापू नका, गुदगुल्या व्हत्यात."

भैरोबाच्या जत्रेला चौकट उभी राहिली. पंचांनी नारळ दिला. छबूबाई आली होती आणि तिच्यासोबत सूर्यभान हवालदारही आला होता. तो चौकटीसमोर उभा राहिला. मान तिरकी करून कितीतरी वेळ बघत राहिला.

"सुतार, हुबेहूब हाय. पन दमडी मशिदीतली वेल उजवीकडं वळती. तुजी डावीकडं कशी?"

कानिफनाथाचा हात आपोआप फेट्याकडं गेला. गोजरबाईनं पोटावरचा पदर घट्ट ओढून घेतला.

"बघून काढलीस का आठवून?"

"बघून," कानिफनाथ म्हणाला.

हवालदाराशी तो खरं बोलला, ते एवढंच.