गुलाबरावांची वाफ

एका जंगलात धुराला बंदी होती. कोण्या लाकूडतोड्याच्या बिडीने एकदा वणवा लागला होता, तेव्हापासून राजेसाहेबांचा हुकूमच होता तसा. धूर दिसला की काढणाऱ्याला नदीपार हाकलायचं.

या हुकुमाने सगळ्यात दुःखी कोण झालं असेल, बाळांनो? गुलाबराव अस्वल. त्यांना बिडीची सवय होती. बिचारे झाडाच्या साली चघळत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरायचे.

मग एक दिवस गुलाबराव जंगलाच्या वेशीवर गेले आणि कोणा शहरी पाहुण्याची विसरलेली एक चकचकीत नळी घेऊन आले. बाभळीखालच्या खडकावर बसून त्यांनी ती ओढली. पांढरा लोट निघाला. त्याला पिकल्या आंब्याचा वास होता.

प्राणी धावत आले. गुलाबराव शांतपणे म्हणाले, की हा धूर नव्हेच, ही वाफ. भात शिजताना येते तशी. भाताच्या वाफेला कधी कोणी बंदी घातली आहे का?

ते सगळ्यांना पटलं. त्या जंगलात भात कोणीच शिजवत नव्हतं, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लोट पांढरा असला आणि वास गोड असला की शहाणीसुरती मंडळीही फार विचार करत नाहीत.

त्याच बाभळीवर सुगरणीचं घरटं होतं. सुगरणीच्या घरट्याचं दार खालच्या बाजूला असतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. साप चढू नये म्हणून तशी सोय. सापासाठी ती उत्तम होती. वाफ मात्र खालून सरळ आत शिरायची आणि आतच घुटमळायची.

सुगरणीची तीन पिल्लं आधी ओकायला लागली. मग गप्प झाली. मग एके दिवशी गुलाबराव मधाच्या शोधात दूर गेले, तर तिघांनी रडून घरटं डोक्यावर घेतलं. सुगरण चोचीत चांगली जाडजूड अळी घेऊन आली, पण एकानेही तोंड उघडलं नाही. तिघंही दाराकडे माना करून वाफेची वाट बघत होती. ती तडक पंचांकडे गेली.

पंच तीन होते. सरपंच कासव, साळिंदर आणि ससा. त्यांनी गुलाबरावांना बोलावून विचारलं, की वाफेत आहे तरी काय?

"थोडं निकोटिन आहे," गुलाबराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ते मी आत घेतो. बाहेर येतं ते माझं उष्टं. उष्ट्यात काय राहतंय?"

"गुलाबदादा, माझी पिल्लं चोचीतल्या उष्ट्यावरच वाढतात," सुगरण म्हणाली.

पंच थोडे चपापले. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे चौकशी लावली. त्या जंगलाचा रिवाज असा, की आरोपीला मधोमध बसवायचं आणि ज्याबद्दल तक्रार आहे ते त्याला समोर करायला लावायचं. म्हणून सगळे पंचांच्या गुहेत बसले. गुहेला एकच दार. गुलाबराव ओढत राहिले, पंच बघत राहिले.

पहिल्या दिवशी साळिंदराला गरगरलं. उपाशीपोटी आल्यामुळे असेल, असं ठरलं. पुढे कोणाला गरगरलं नाही. आठवड्याची बैठक रोजची झाली, मग सणावारीही भरू लागली. घरी गेल्यावर सशाला चैन पडेना, तो बायकोवर खेकसू लागला. कामाचा ताण, दुसरं काय! दुपारपर्यंत कवचातून मान बाहेर न काढणारं कासव आता सगळ्यांच्या आधी गुहेत हजर असे. जंगलात पंचांच्या कर्तव्यनिष्ठेचं फार कौतुक झालं.

दिवसभर चौकशी आटोपून गुलाबराव संध्याकाळी पुन्हा बाभळीखाली बसत. अशाच एका संध्याकाळी धाकटं पिल्लू वाफ हुंगायला दारातून इतकं वाकलं, की खाली पडलं. गुलाबरावांच्या केसाळ पोटावर पडलं म्हणून वाचलं. एवढंसं पिल्लू त्यांच्या तोंडाकडे बघत चोच उघडून बसलं होतं.

गुलाबराव वाईट नव्हते हो. त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी नळी पंचांपुढे ठेवली आणि म्हणाले, "मी सोडली. ही नदीत टाकतो."

तिन्ही पंच एकदम उभे राहिले.

"चौकशी चालू असताना पुरावा नष्ट करता येणार नाही," सरपंच म्हणाले.

मग घाईघाईने निकाल लागला. शेजारी बसणाऱ्याला या वाफेने काहीही होत नाही. पंच स्वतः इतके दिवस शेजारी बसले आणि एकालाही उठून जावंसं वाटलं नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? तरी जास्तीची खबरदारी म्हणून गुलाबरावांनी रोज सकाळ-संध्याकाळ गुहेतच ओढावं, पंच लक्ष ठेवतील.

सुगरण गुहेच्या दारात बसली होती. ती म्हणाली, "निकाल मान्य आहे. फक्त तो बाहेर येऊन, मोकळ्या वाऱ्यात सांगा."

कोणी उठलं नाही.

ती उडून गेली. बाभळीखाली आता कोणी बसत नव्हतं. पिल्लं खूप रडली, तिला टोचलं, एकमेकांना टोचलं. ती पुन्हा पुन्हा अळी घेऊन येत राहिली. शेवटी एका सकाळी धाकट्याने तोंड उघडलं.

गुहेत गुलाबराव अजून ओढतात. त्यांना सोडायची आहे, पण पंच सोडू देत नाहीत.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाफेने आपल्याला काही होत नाही, हे ज्याला सिद्ध करायचं असेल त्याने त्या वाफेतच ठाण मांडून बसावं. उठून मात्र पाहू नये.