आमच्या इमारतीतला ॲग्रीकॉस

लिफ्टमध्ये नवीन माणूस दिसला की मोहितेकाका आधी एकच विचारतात, "ॲग्रीकॉस का?" समोरचा गोंधळला, की चौथा मजला येईपर्यंत अर्थही सांगतात. "शेतकी कॉलेजात शिकला तो ॲग्रीकॉस. मग पुढे पोलिसात जाऊ दे नाहीतर घरी बसू दे. डॉक्टर रिटायर होतो, ॲग्रीकॉस होत नाही."

कोपरीतल्या आमच्या इमारतीत या माहितीचा कुणाला काडीचा उपयोग नाही. काकांनी स्वतः सगळी नोकरी बँकेत काढली. त्यांच्या गॅलरीतली तुळस दर उन्हाळ्यात जळते. माझ्या कढीपत्त्याला त्यांनी ताक घालायला लावलेलं, तोही गेला. तक्रार केली तर म्हणाले, "तू कॉमर्सवाला. पाजलंस कसं, त्यात चूक असणार."

काकू गेल्यापासून तर त्यांना दुसरा विषयच उरला नाही. खोटं कशाला बोलू, ते लिफ्टपाशी दिसले की मी जिना धरायचो.

गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा धरला, लोकल झेपेना, म्हणून एका रविवारी मी त्यांना गाडीने कल्याणला नेलं. तिथे त्यांचे हॉस्टेलवरचे सीनियर, इनामदार सर, राहतात. सीनियर म्हणजे एका वर्षाने, पण ॲग्रीकॉसांत तेवढ्यावर माणूस मरेपर्यंत 'सर' होतो. हॉस्टेलातलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि सरांना स्वतःच्या बायकोचं नावही आठवत नाही.

सर खुर्चीत बसले होते. काका लंगडत आत गेले आणि एकदम ताठ उभे राहिले. मान खाली, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. सत्तरी ओलांडलेला तो माणूस खणखणीत आवाजात नाव, गाव, तालुका, जिल्हा सांगू लागला. शेवटी म्हणाला, "ॲग्रीकॉस, सर!"



"हॉस्टेलवर ज्युनियरने अशीच ओळख द्यायची असायची," सरांच्या पत्नी माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "सीनियर 'बस' म्हणाला की मगच बसायचं. हे कुणाला ओळखत नाहीत रे, पण भाऊजींचं एवढं ऐकलं की 'बस' म्हणतात."

त्या दिवशी सर खिडकीकडे बघत राहिले. काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला.

"बसा हो भाऊजी. पाय दुखतोय ना तुमचा?"

"सर नाही म्हणाले अजून, वहिनी."

चहा आला, तो टीपॉयवर निवून गेला. काकांचा पाय थरथरत होता. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मी एक खुर्ची उचलून त्यांच्या मागे नेऊन ठेवली. काकांनी मान वर न करता ती हाताने मागे सरकवली, शर्ट नीट केला, आणि पुन्हा आपलं नाव सांगितलं.