झिपरूआबांचा वाटा

झिपरूआबा कोणाच्याही दारात गेले की पहिला रामराम कोंबडीला घालतात. घरचा कर्ता समोर खाटेवर बसलेला असो, त्याची म्हातारी आई उंबऱ्यात असो, आबा त्यांना ओलांडून थेट अंगणाच्या कोपऱ्यात जातात, उकिडवे बसतात आणि विचारतात, "काय वं, कशी शे?" कोंबडी काहीतरी पुटपुटते. आबांचं समाधान झालं की मग ते मागे वळून माणसांची चौकशी करतात. तीही कोंबडीच्या अंगानेच. "हाई सुकाई गयी. तुन्हा घरमा भांडन चालू शे का?"

घरातलं भांडण कोंबडी आधी अंगावर घेते, असं आबांचं म्हणणं. त्यात शास्त्र किती ते मला माहीत नाही. पण आबांचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण आमच्या गावात बहुतेक घरांत भांडण चालूच असतं.

आमचं गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाऊस पडला तर शेती, नाही तर मजुरी. मी बी.ए. झालो आणि नोकरीची वाट बघून कंटाळा आल्यावर एक जुनी पिकअप घेतली. आधी केळी नेली, कापूस नेला, लग्नाची वऱ्हाडं नेली. मग गावातल्या बायकांच्या गटाने गावठी कोंबड्या विकायचं मनावर घेतलं आणि दर गुरुवारी मी कोंबड्या घेऊन धुळ्याला जाऊ लागलो. तेव्हापासून वऱ्हाडं मला बोलावत नाहीत. गाडी कितीही धुतली तरी नवरीकडच्या बायका नाकाला पदर लावतात.

या कोंबड्यांचं आणि आबांचं नातं सांगायचं तर आधी वाट्याचं सांगावं लागेल. आमच्याकडे कोंबडी वाट्यावर देतात. ज्याच्याकडे कोंबडी आहे तो ती दुसऱ्याला सांभाळायला देतो. दाणा-पाणी, मांजर-मुंगूस, सगळी काळजी सांभाळणाऱ्याची. पिल्लं मोठी झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. कागद नाही, साक्षीदार नाही, तरी यात कोणी कोणाला फसवत नाही. दुसऱ्याच्या वाट्याची कोंबडी विकून खाल्ली असं गावात झालं, तर त्या घरात सोयरीक करायला माणसं बिचकतील.

सुंदरअक्का, म्हणजे आबांची बायको, गेली तेव्हा तिच्या मागे मोजक्याच कोंबड्या राहिल्या होत्या. पोरगी सुरतला दिलेली. ती आली, रडली आणि गेली. आबांनी एकेक कोंबडी एकेका घरी वाट्यावर दिली. त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली, आणि ती पुढच्या घरी वाट्यावर गेली. आता अर्ध्या गावाच्या खुराड्यांत आबांचा वाटा आहे. प्रत्येक कोंबडीचं कूळ आबांना पाठ. "हाई तांबडीनी नात. हिनी माय पिंपयवर झोपे, खाली उतरेच ना."

ते रोज सकाळी धोतर नेसून आपला वाटा बघायला निघतात. कोंबडी उचलतात, पंख वर करून फुंकर मारतात, गोचीड आहे का बघतात, तुऱ्याचा रंग उन्हात धरून बघतात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली असतील तर टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवला की नाही, हे जातीने तपासतात. खिळा नसेल तर वीज कडाडल्यावर अंडी नासतात, असं ते सांगतात. तोवर घरातून चहा येतो. चहा संपला की घरची बाई म्हणते, "आबा, तुमना वाटा लई जा ना आते."

आबा उठतात, धोतर झटकतात. "ऱ्हाऊ दे वं. घाई काय शे? आखाजीले देखसूत."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हणतात पोळ्याला बघू. पोळ्याला म्हणतात दिवाळी कुठे लांब आहे. आजवर त्यांनी कोणाकडून एक पीसही घरी नेलेलं नाही. गावात यावर दोन मतं होती. काही जण म्हणत, आबा साधू माणूस. माझं मत असं होतं की म्हातारा पक्का आहे. दुसऱ्याच्या दाण्यावर स्वतःची कोंबडी पोसतो आणि वरून चहा पितो.

एकदा मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. आग्रा रोडवर एका खानावळवाल्याला गावठी कोंबडी हवी होती. आधी कोणीतरी त्याला गावठी म्हणून भलतंच काही विकलं होतं, म्हणून तो सावध होता. त्याने वजनकाटा काढला. आबांना ते आवडलं नाही.

"कोंबडी काय कांदा शे का तोलाले? पह्यले वळख करी ले." आणि त्यांनी एकेक कोंबडी टोपलीतून काढून ओळख करून द्यायला सुरुवात केली. "हाई तांबडी. हिनी मायनी मांजर हाकली दिन्हं व्हतं. हाऊ कोंबडा. जरासा लाजस, पन मनना चांगला शे."

"आबा," खानावळवाला हात जोडून म्हणाला, "मला यांचं कालवण करायचंय. सोयरीक नाही जुळवायची."

तेवढ्यात लाजरा कोंबडा आबांच्या हातून निसटला आणि खानावळीच्या पाटीवर जाऊन बसला. दोन वेटर आणि आचारी त्याच्या मागे लागले. पाटीवरून तो पत्र्यावर गेला, पत्र्यावरून शेजारच्या टायरच्या दुकानात. खानावळवाल्याने काटा ठेवून दिला आणि म्हणाला, हीच खरी गावठी. आखाड लागल्यापासून दर गुरुवारी गाडीभर माल हवा, ठरलेल्या दिवशी हवा, नाही तर तो दुसरीकडून घेईल. निघताना मला बाजूला घेऊन त्याने आणखी एक अट घातली. कोंबड्या आणा, म्हातारा आणू नका.

ही बातमी मंगलवहिनीला सांगितली. मंगलवहिनी माझ्या चुलतभावाची बायको आणि गटाची पुढारी. श्रावण लागायच्या आधी, आखाडात, आमच्याकडे कोंबडीला किती मागणी असते हे तिला सांगायला नको. पण अडचण तिच्याच खुराड्यात होती. गाडी दारात उभी राहिली की आबा हजर व्हायचे. ही नको, ही अंड्यावर आलीय. ती नको, तिचा जीव या अंगणात रमलाय. निम्म्या कोंबड्या आबांच्या आणि त्या कोणत्या हे आबा ठरवून देत नसत, त्यामुळे उरलेल्यांना हात लावायची कोणाला हिंमत नव्हती. गाडीभर माल कसला, दोन टोपल्या भरताना मारामार.

"माले दुसरं काही नको," वहिनी मला म्हणाली. "मना खुराडामानी कोंबडी, मनी शे म्हनीसन माले इकता येवाले पायजे. बस."

तिने बायका जमवल्या आणि ठरवलं. आबा वाटा नेत नाहीत ना, मग आपणच तो त्यांच्या घरी पोचवायचा. निम्म्याला निम्मं. उलट एखादी जास्तच, कमी नाही.

आखाड लागायच्या आधी एका सकाळी सगळ्या निघाल्या, डोक्यावर टोपल्या, काखेत कोंबड्या. मलाही बोलावलं होतं. आबा धोतर नेसून नेहमीच्या फेरीला निघायच्या बेतात होते. बघता बघता त्यांचं अंगण भरून गेलं. कौलांवर कोंबड्या, न्हाणीत कोंबड्या, एक तर सरळ घरात शिरून देवळीत बसली.

"आबा, हाऊ तुमना वाटा," वहिनी म्हणाली. "आमना बठ्ठासना हिसाब आज पूरा."

आबांनी अंगणभर नजर फिरवली. "ह्या मन्या नहीत."

"आबा!" वहिनीने एक लाल कोंबडी त्यांच्या नाकासमोर धरली. "कालदिन तर तुम्हीन माले हिनी आजीनं नाव सांगं!"

"तव्हय मनी नजर चुकनी व्हई."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. आबा मात्र एकेक कोंबडी बघून मान हलवत होते. ही माझी नाही. हिला मी ओळखत नाही. हिची चालच वेगळी. गावातल्या प्रत्येक कोंबडीचं गोत्र सांगणारा माणूस सगळ्यांना झाडून परकं करत होता. वहिनीचा पारा चढला.

"तुमन्या कोंबड्या आमना दाना खातस. तुम्ही लेतस बी नही, आम्हले इकू बी देतस नही. मंग आम्हीन काय करो?"

"मंग तुम्हीच ल्या. बठ्ठ्या ल्या. माले काही नको."

"फुकट कसं लेवो? वाटा तो वाटा."

आबा उंबऱ्यावर बसले. धोतराचा सोगा नुसताच हातात धरून बसून राहिले. मग खाली बघत म्हणाले, "हिसाब पूरा व्हई गया म्हंजे मंग मी कोना घर जाऊ?"

मागून कोणीतरी म्हणालं, "या ना आबा. चहा लेवाले या, कव्हय बी."

"बिनाकामना मानूस किती दिन येई?" आबा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या माणसाला पक्का समजत होतो, आणि त्याला कोंबडी नको होती, अंडं नको होतं. रोज सकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहायला एक कारण हवं होतं, तेवढं त्याने जपून ठेवलं होतं.

वहिनी तडक निघून गेली. रागावली असं मला वाटलं. थोड्या वेळाने ती परत आली ती एक टोपली घेऊन. टोपलीत भाताच्या पेंढ्यात अंडी आणि अंड्यांवर तिची खुडूक काळी कोंबडी, पिसं फुलवून बसलेली. वहिनीने टोपली आबांच्या पडवीत कोपऱ्यात ठेवली.

"हाई मनी कोंबडी. तुमले वाटावर देस. पिल्लं निंघनात का निम्मा मना."

"माले जमाव नही," आबा घाबरून म्हणाले.

"जमी. आनि मी देखाले येसु, आतेच सांगी ठेवस. दुबळी दिसनी तर आयकी लेवाव नही."

आबा टोपलीकडे बघत राहिले. मग उठून आत गेले आणि वाटीत पाणी घेऊन आले.

आबांनी हो म्हटल्यावर अंगणातला त्यांचा वाटा गुरुवारी माझ्या गाडीतून धुळ्याला गेला. त्या पैशांतून त्यांनी किटली आणली, साखर आणली. वहिनीचं बघून बाकीच्याही एकेक कोंबडी त्यांच्याकडे ठेवून गेल्या. कोणी खुडूक, कोणी लंगडी, एकीने तर निव्वळ येऊन आबांवर डाफरायला मिळावं म्हणून एक भांडखोर कोंबडा आणून दिला. मंगलवहिनीच्या खुराड्यातला माल आता तिचा आहे आणि खानावळवाल्याची गाडीभर मागणी अजून तरी चुकलेली नाही. आबांचा चहा मात्र अतिशय वाईट असतो. त्यात चहापत्ती उकळण्याआधीच दूध पडतं, आणि हे त्यांना सांगायचं धाडस कोणी करत नाही.

मागच्या गुरुवारी गाडी भरून निघताना मी त्यांच्या दाराशी थांबलो. आबांनी अंगण झाडून काढलं होतं, पडवीत गोणपाट अंथरलं होतं. खानावळवाल्याची अट बाजूला ठेवून मी म्हटलं, "आबा, चला धुळ्याला. परतताना जेवून येऊ."

"आज जमाव नही रे भाऊ," आबा म्हणाले. "कोनी तरी येई."

"कोण येणार आहे?"

"ते माले काय माहीत? पन येई."

चुलीवर आधण ठेवलेलं होतं, चांगलं पाचसहा जणांना पुरेल एवढं.