उघडण्यापूर्वी भाऊजींकडे पाठवावे

घराची सुरक्षितता घरातल्या माणसांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. हे ओळखून आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, घरच्या कॉम्प्युटरचं संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं. (दुसरा उमेदवार नव्हता. नवऱ्याला ऑफिस होतं, सासूबाईंना अक्कल होती.)

धोका खरा होता. ईमेलमधून वर्म नावाचा किडा येतो आणि फाइल उघडताच सगळं फस्त करतो, असं बाबांनी वाचलं होतं. त्याच कॉम्प्युटरवर आमच्या चिमणीचं अख्खं आयुष्य होतं. म्हणजे दहा महिने. पहिला दात, पहिलं पालथं पडणं, डोक्यावर वाटी घालून राणीसारखी बसलेली ती. या फोटोंची दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. "प्रत काढली की चोराला दोन जागा होतात," असं खात्याचं मत होतं.

उपाय तातडीने योजण्यात आले. अँटिव्हायरस बसवला. तो सारखी परवानगी मागू लागला. नवख्याने घरात येऊन एवढं विचारणं संशयास्पद वाटल्याने त्याला काढून टाकण्यात आलं. पासवर्ड इतका अवघड ठेवला, की तो मॉनिटरच्या कपाळावर चिकटवावा लागला. (चोराला चष्मा असल्यास आणि तो घरी विसरल्यास संरक्षण परिपूर्ण.)

मुख्य नियम असा, की कोणतीही फाइल आधी धाकट्या भाऊजींकडे पाठवायची. त्यांनी उघडायची. ते सुखरूप राहिले, तर आपण उघडायची.

"अहो बाबा, पण त्यांचा कॉम्प्युटर बिघडला तर?"

"त्याचा ऑफिसचा आहे गं. तिथे दुरुस्तीला माणूस असतो."

भाऊजीही याच घराण्यातले. ते फाइल न उघडता आत्याबाईंकडे धाडत, आत्याबाई जावयाकडे, जावई मावशींकडे आणि मावशी, बाबांचा व्यासंग ऐकून असल्याने, बाबांकडे. पाच तज्ज्ञ, उघडणारा शून्य.

एके दिवशी 'तुमच्यासाठी खास' नावाची फाइल अशीच फेरी मारून परत आली.

"पाहिलंस सूनबाई? चौघांच्या हातून गेलीय. एवढी तपासलेली फाइल मी जन्मात पाहिली नाही." आणि बाबांनी ती उघडली.

कॉम्प्युटर आधी संथ झाला, मग निळा, मग गप्प. बाबाही त्याच क्रमाने. (निळे वगळून.)

"चिमणीचा दात होता त्यात," एवढंच मी म्हटलं. चिमणी माझ्या कडेवरून आजोबांचा चष्मा ओढत होती. त्यांनी तो मुकाट्याने ओढू दिला.

तेवढ्यात फोन सुरू झाले. किड्याने जाता जाता ईमेलच्या यादीतल्या प्रत्येकाला आमचा एकेक फोटो पाठवला होता. म्हणजे प्रती काढायचं जे काम घरात कोणी केलं नाही, ते त्याने बिनबोभाट उरकलं. दात नवऱ्याच्या साहेबांकडे सापडला. पालथं पडणं गिझर दुरुस्त करणाऱ्याकडे. ("वहिनी, दुकानात लावलाय हो! गिऱ्हाईक हसून जातं.")

कॉम्प्युटर दुरुस्त झाला. फक्त वाटीवाला फोटो अजून मिळालेला नाही. आपल्याकडे असल्यास कृपया पाठवावा. असणारच. पाठवणारा अनोळखी होता, विषय रिकामा होता, तरी आपण तो उघडलात, "अगं बाई, कसली गोड!" म्हणालात आणि किड्यासकट बहिणीला पाठवलात. नाही म्हणू नका. कालपासून आपल्या घरचे फोटो आमच्याकडे येताहेत. तो हिरव्या टॉवेलमध्ये आरशासमोर गाणारा माणूस, आपणच ना?