नऊ गाण्यांची पोच

जपानमधल्या एका रॉक बँडची नऊ प्रेमगीतं मंगळवारी सकाळी गडहिंग्लजच्या पोस्टात रजिस्टर टपालाने आली, आणि ती जिवंत असल्यामुळे पोस्टमास्तर नेसरीकरांनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं.

गाणी दिसत नव्हती, पण जागा घेत होती. पासबुक भरायला आलेले एक निवृत्त गुरुजी मोकळा बाक बघून टेकायला गेले, अर्ध्यातच उठले आणि "माफ करा" म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली.

बटवड्याचं काम हेमलता तिवडेकडे होतं. बारा वर्षांत तिने कोर्टाच्या नोटिसा पोचवल्या होत्या, नेमणुकीची पत्रं पोचवली होती, एकदा मधमाश्यांची पेटीही पोचवली होती. पण त्या सकाळी बाकाजवळून जाताना तिने चपलांचा आवाज होणार नाही अशी पावलं टाकली, आणि आपण असं का करतोय हे तिचं तिलाच कळेना.

नेसरीकरांनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात जिवंत मधमाश्या होत्या, जळवा होत्या, रेशमाचे किडे होते. गाणी नव्हती.

"मधमाश्यांत बसवू," ते म्हणाले. "आजच्या आज पोचली पाहिजेत. घेणाऱ्यानं नाकारली तर परत पाठवायची. पण इथं खाली लिहिलंय बघ, जिवंत टपाल परतीच्या प्रवासात टिकत नाही."

"म्हणजे मरतील?"

"टिकत नाही, एवढंच लिहिलंय."

सोबत बँडच्या चौघांच्या सह्यांचं इंग्रजी पत्र होतं. नेसरीकरांनी ते अडखळत मराठीत सांगितलं. "ही गाणी आम्ही अकरा वर्षं गातो आहोत. ऐकायला चाळीस-चाळीस हजार माणसं येतात आणि रडतात. पण गाताना गाणी श्रोत्यांकडे बघत नाहीत, सारखी पश्चिमेकडे बघतात. शेवटी आम्ही त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी हा पत्ता सांगितला. ती आमची नव्हती, आमच्याकडे नुसती थांबली होती. कृपया ज्यांची त्यांना द्यावीत."

पत्ता स्वच्छ होता. श्रीमती अनसूया तोडकर, पिठाची गिरणी, कुंभार गल्ली.

हेमलता सायकल हातात धरून पायीच निघाली. नऊ गाणी एका रांगेत मागून आली. बाजारात भाजीवाल्यांनी पाट्या मागे ओढून वाट दिली, आणि चौकात एसटीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून रांग जाईपर्यंत गाडी थांबवून ठेवली. हेमलताने एकदाच मागे वळून बघितलं. रस्ता मोकळा होता, पण धुळीवर ऊन नऊ ठिकाणी जरा जास्त पडलं होतं.

अनसूया तोडकर सहासष्ट वर्षांची होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि गिरणी तिच्या हातात आली. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं ती गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होती. घरात, देवळात, मयताच्या घरीसुद्धा तिचा आवाज तसाच लागे. गल्लीने तो कधीच मनावर घेतला नव्हता.

"काकू, तुमचं रजिस्टर आहे," हेमलता दारातून ओरडली. "जपानहून. गाणी आहेत."

"नंबरानं या म्हणावं," अनसूया पिठाच्या धारेखाली डबा सरकवत ओरडली. "बाकीच्या बायका काय येड्या म्हणून उभ्यात?"

ते रास्त होतं. गाणी रांगेत शेवटी, शेवंता कुंभारच्या ज्वारीमागे उभी राहिली. शेवंताने पदर सावरला, मागे बघितलं आणि जरा पुढे सरकून त्यांना सावलीत जागा करून दिली. अर्ध्या तासाने शेवंताचा नंबर आला. ती म्हणाली, "माझं राहू दे, अनसू. ही लांबनं आलीत."

अनसूयाने हात पुसले आणि हेमलताने पुढे केलेलं पत्र घडी न उघडताच परत केलं.

"मी जपानात कुणाला वळखत न्हाई. चुकून आलंय. परत धाड."

"पत्ता तुमचाच आहे."

"पत्ता असंल. हेमा, पोरी, माझ्यावर कोण गाणं करंल? लग्नातसुद्धा माझं नाव कुणी उखाण्यात घेतलं न्हवतं. दुसरी कोण अनसूया असंल, बघ जा. तिची वाट बघत बसली असंल बिचारी."

शेवटचं वाक्य तिने इतक्या काळजीने म्हटलं, की हेमलताला नकाराचा शिक्का बाहेर काढवेना. परतीच्या प्रवासात काय होतं तेही तिच्या तोंडून निघेना. ते सांगितलं असतं तर अनसूयाने दयेपोटी सही केली असती. आणि अशी पोच काही खरी नव्हे, असं हेमलताला वाटलं.

"घेणाऱ्याला शंका असली तर एक नग समोर उघडून दाखवता येतो," ती म्हणाली. "गिरणी तेवढी बंद करा."

दिवसाढवळ्या, रांग उभी असताना गिरणी कधी बंद झाली नव्हती. अनसूयाने जरा विचार केला आणि खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. गल्लीत इतकी शांतता झाली, की दोन घरं पलीकडचं मडकं थापण्याचा आवाज ऐकू आला, आणि मग तोही थांबला.

पहिलं गाणं पुढे आलं.

आधी गिटार वाजली, पत्र्यावर पत्रा घासावा तशी. मग ढोल सुरू झाला आणि रांगेतल्या सगळ्या डब्यांची झाकणं त्याच ठेक्यावर हलू लागली. भिंतींवर, तुळयांवर वर्षानुवर्षं बसलेलं पीठ सुटून वर उठलं आणि खाली न येता हवेतच थांबलं. त्या पांढऱ्या उजेडात आवाज आला. शब्द जपानी होते. कुणालाही जपानी येत नव्हतं आणि सगळ्यांना ते समजत होतं.

गाणं म्हणत होतं, छपराच्या काचेतून अकरा वाजता जो कवडसा पडतो, त्यात तू रोज हात धरतेस. कुणी बघत नाही ना, ते आधी बघतेस. मग बोटं उघडतेस, मिटतेस, आणि परत कामाला लागतेस. चव्वेचाळीस वर्षं मी त्या कवडशाचा हेवा करतो आहे.

रांगेतल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. हेमलताने अनसूयाकडे बघितलं. ती ज्वारीच्या पोत्यावर बसली होती आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"हे खरं हाय व्हय, अनसू?" शेवंताने विचारलं.

अनसूयाने मान डोलावली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "खरं हाय." तिचा तो आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता. तो तरुण होता.

हेमलताने पोचपावत्या पुढे केल्या आणि अनसूयाने नऊ ठिकाणी, प्रत्येक अक्षर वेगळं काढत सही केली. एक सही झाली की एक गाणं उंबरा ओलांडून मागच्या खोलीत जाई. नववं मात्र पायरीवरच राहिलं.

"याला काय झालं?" हेमलताने विचारलं.

"दमलंय," अनसूया म्हणाली. तिने वाकून त्याला उचललं, कमरेवर घेतलं, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

गिरणी बंदच राहिली. बायका आपापल्या डब्यांजवळ बसल्या. हेमलताने सायकल भिंतीला लावली आणि तीही शेवंताशेजारी टेकली. आतून एकामागून एक गाणं ऐकू येत होतं, मध्ये मध्ये अनसूया हळू आवाजात काही विचारत होती, आणि पीठ अजून हवेतच होतं. दिवस मावळेपर्यंत रांगेतून कुणी उठलं नाही. त्या संध्याकाळी कुंभार गल्लीत एकाही घरात भाकरी झाली नाही, आणि का झाली नाही हे कुणी विचारलं नाही.